निर्देश पाळता येईल असा असावा
(गृहिणीच्या केशतक्रारीविषयी काही विचार)

केसांची तक्रार ही आपल्या चिकित्सालयांतील सर्वांत नेहमीची आणि बहुधा त्याच कारणाने सर्वांत उपेक्षित तक्रार आहे. ती स्वतंत्रपणे क्वचितच येते. मुलाच्या खोकल्यासाठी किंवा सासूबाईंच्या सांधेदुखीसाठी आलेली गृहिणी उठता उठता विचारते, “आणि या केसांसाठी काही द्याल का? आवरतच नाहीत, आणि आवरायला वेळही नाही.” तिच्या बोलण्याचा पूर्वार्ध आपण ऐकतो, उत्तरार्ध सोडून देतो. पूर्वार्धावर वैद्य तेलाचे नाव लिहितात, औषधविक्रेते बंधू त्यासोबत एखादे केश्य चूर्ण आणि गोळ्यांची डबी देतात, आणि विषय तेथेच संपतो. तीन महिन्यांनी ती बाटली अर्धी भरलेली असते आणि आयुर्वेदाचा गुण येत नाही, असा समज आणखी एका घरात पक्का होतो.

प्रस्तुत लेखाचे प्रतिपादन एवढेच की, ‘वेळ नाही’ हा त्या तक्रारीतील निदानाचा भाग आहे आणि चिकित्सेनेही त्याचा विचार केला पाहिजे. वैद्य, द्रव्य, उपस्थाता व रुग्ण हे चिकित्सेचे चार पाद आपण सर्वजण शिकलो आहोत. त्यांपैकी रुग्णाच्या गुणांत चरकाचार्यांनी ‘निर्देशकारित्व’ गणले आहे. वैद्याने सांगितलेले पाळणे हा रुग्णाचा गुण होय. परंतु जो निर्देश पाळणे मुळातच शक्य नाही, तो न पाळल्याचा दोष रुग्णाच्या पदरी कसा टाकता येईल? शिवाय उपस्थाता या तिसऱ्या पादाचा विचार करावा. घरातील सर्वांची उपस्थाता हीच गृहिणी असते, तिची उपस्थाता मात्र कोणी नसते. चारांपैकी एक पाद मुळात नाही आणि दुसरा आपणच लुळा करून ठेवला आहे, अशा स्थितीत केवळ द्रव्याच्या बळावर यश मिळावे ही अपेक्षा शास्त्राला धरून नाही.

वेळेचा हिशेब

राष्ट्रीय सांख्यिकी कार्यालयाच्या २०२४ च्या वेळ-वापर सर्वेक्षणानुसार, घरातील विनामोबदला कामे करणाऱ्या स्त्रियांची त्या कामांत दिवसाकाठी सरासरी २८९ मिनिटे जातात. अशी कामे करणाऱ्या पुरुषांची ८८. मुले, वृद्ध व आजारी यांची देखभाल करणाऱ्या स्त्रियांची त्यासाठी १३७ मिनिटे जातात, पुरुषांची ७५. जिच्या वाट्याला ही दोन्ही कामे येतात, तिचे ढोबळमानाने सात तास येथेच संपतात. ती नोकरी करीत असेल तर कार्यालयाचे तास आणि प्रवास यांत मिळवावा लागतो.

आता आपण सांगतो तो केशोपचार या दिवसात कोठे बसतो ते पाहावे. तेल कोमट करणे, पाव तास शिरोभ्यंग, तासभर थांबणे, शिकेकाई-आवळकाठी उकळून गाळणे, न्हाणे, केसांत अडकलेला चोथा काढणे, केस सुकविणे, गुंता सोडविणे, वेणी घालणे. लांब व दाट केसांसाठी हे सर्व दोन-अडीच तासांच्या आत आटोपत नाही. एकेकाळी ते जमत असे, कारण वेणीफणी ही एकटीने उरकण्याची गोष्ट नव्हती. एकीने शिकेकाई उकळावी, दुसरीने तेल चोळावे, तिसरीने गुंता सोडवावा, असे तीन स्त्रियांचे हात एका डोक्यामागे असत. त्या व्यवस्थेतही स्त्रियांच्या वाट्याला कष्ट कमी नव्हते, म्हणून तिचे गोडवे गाण्याचे कारण नाही. तरीपण तो विधी अनेक हातांना गृहीत धरून घडला होता, हे विसरून चालणार नाही. ते हात आज नाहीत. विधी मात्र आपण जसाच्या तसा चिठ्ठीवर उतरवितो.

प्रथम विवेक : स्वभाव की विकार?

वेळेइतकाच महत्त्वाचा दुसरा प्रश्न म्हणजे ‘आवरत नाहीत’ याचा अर्थ काय? कुरळे, दाट, राठ किंवा भुरभुरणारे केस हा पुष्कळदा रोग नसून प्रकृती असते. वातप्रकृतीचे केस रूक्ष व दुभंगणारे, पित्तप्रकृतीचे मऊ, विरळ व पिंगट, कफप्रकृतीचे घन व काळेभोर, असे वर्णन आपल्या ग्रंथांत आहे. केस हे पितृज भाव मानले आहेत आणि अस्थिधातूचा मल म्हणूनही त्यांची गणना आहे. म्हणजे त्यांचा आकार जन्मजात आणि त्यांचे पोषण मात्र धात्वग्नीवर अवलंबून. पहिली गोष्ट बदलण्याचे आश्वासन कोणत्याही वैद्याने देऊ नये. दुसरीकडे कोणत्याही वैद्याने दुर्लक्ष करू नये.

येथे एका संदर्भाचे स्मरण उपयुक्त ठरेल. शारीरस्थानाच्या आठव्या अध्यायात चरकाचार्य बालकाच्या दीर्घायुष्याची लक्षणे सांगताना प्रशस्त केसांचे वर्णन करतात. सुटे सुटे, मृदू, अल्प, स्निग्ध, घट्ट मुळांचे आणि काळे केस ते प्रशस्त मानतात. त्या यादीत सरळपणा नाही. लांबीही नाही, आणि दाटपणाऐवजी अल्पत्व आहे. आचार्यांची दृष्टी मुळांच्या बळकटीवर आणि स्नेहावर आहे. आज जाहिरातींतील सरळ, चकचकीत, पाठीवर रुळणारा केशसंभार हाच आरोग्याचा मानदंड ठरून बसला आहे. कुरळ्या केसांच्या आईला आपले केस ‘बिघडलेले’ वाटतात ते त्यामुळेच. अशा स्त्रीला “तुमचे केस निरोगी आहेत, फक्त त्यांची पद्धत वेगळी आहे,” एवढे वैद्याने अधिकारवाणीने सांगितले तरी निम्मी चिकित्सा होते. न सांगितल्यास ती केस सरळ करून देणाऱ्या दुकानात जाते. तेथील काही द्रावणांतून उष्णता देताच फॉर्मल्डिहाइड वायू बाहेर पडतो, आणि त्याची गणना आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्थेने मानवात कर्करोग उत्पन्न करणाऱ्या द्रव्यांत केली आहे. २०२२ मध्ये अमेरिकेत प्रसिद्ध झालेल्या सुमारे ३३ हजार स्त्रियांच्या पाहणीत, केस सरळ करणारी रसायने वारंवार वापरणाऱ्यांत गर्भाशयाच्या कर्करोगाचे प्रमाण अधिक आढळले. हा संबंध म्हणजे कार्यकारणाची सिद्धता नव्हे, तरी सावधगिरीला तो पुरेसा आहे.

विकार असेल तर मात्र तो शोधलाच पाहिजे. केस एकाएकी राठ झाले, गळू लागले, सोबत थकवा, बद्धकोष्ठ, वजनवाढ, थंडी सहन न होणे असे काही असेल, तर थायरॉइडची तपासणी व्हावी. पांडुत्वाचा विचार तर प्रत्येक आईच्या बाबतीत व्हावा. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या पाचव्या फेरीत (२०१९-२१) १५ ते ४९ वयोगटातील ५७ टक्के भारतीय स्त्रियांत रक्तक्षय आढळला. महाराष्ट्रातही हे प्रमाण निम्म्याहून अधिक होते. हिमोग्लोबिन, फेरिटीन व टीएसएच या तीन तपासण्या लिहिल्याने वैद्याचे वैद्यत्व उणे होत नाही. रसरक्तच क्षीण असताना अस्थीपर्यंत पोषण पोहोचावे कसे? अशा रुग्णेला महाभृंगराज तेल देऊन घरी पाठविणे म्हणजे मूळ सुकले असता पाने पुसत बसणे होय. पाळी अनियमित असून चेहऱ्यावर लव वाढत असेल, तर त्या दिशेने शोध घ्यावा. भांगाच्या रेषेत वा कपाळाच्या कडेला केस विरळ होत असतील, तर रोज घट्ट ओढून बांधलेला अंबाडा हे कारण असू शकते. तेथे औषध नको, पद्धत बदलायला हवी.

आणखी एक साधी गोष्ट आपण विचारायला संकोचतो. शाळेत जाणारी मुले असलेल्या आईला डोक्याला खाज येत असेल तर उवा-लिखा पाहाव्यात. उपचार घरातील सर्व बाधितांवर एकाच दिवशी व्हावा आणि बारीक दातांच्या फणीने तो पूर्ण करावा. मात्र सीताफळाच्या बियांची पूड देण्याची प्रथा आपण बंद करावी. ती डोळ्यांत गेल्यास बुबुळाला गंभीर इजा होते, हे नेत्रवैद्यांना चांगले ठाऊक आहे. धावपळीत न्हाणाऱ्या आईच्या आणि चुळबुळ करणाऱ्या मुलाच्या हाती असे द्रव्य देणे इष्ट नाही.

सव्वा महिन्यानंतरची आई

बाळंतपणानंतरच्या केसगळतीचा स्वतंत्र विचार करणे आवश्यक आहे, कारण तेथे आपल्या परंपरेचे बळ आणि तिच्यातील पोकळी ही दोन्ही एकाच ठिकाणी दिसतात. गर्भारपणी केसांचा वाढीचा काळ लांबतो आणि गळणे कमी होते. प्रसूतीनंतर ते रोखून धरलेले केस एकदम विश्रांत अवस्थेत जातात. ही अवस्था सुमारे तीन महिन्यांची असल्याने प्रत्यक्ष गळती साधारणपणे दोन ते चार महिन्यांनी सुरू होते आणि बहुतेक स्त्रियांत सहा महिने ते वर्षाच्या आत आपोआप थांबते.

आता आपली रीत पाहावी. मालीश, शेक-शेगडी, धुरी, बाळंतकाढा, शतावरी कल्प, अळिवाचे व डिंकाचे लाडू, हे सर्व सव्वा महिना यथासांग चालते. सव्वा महिना झाला की बाळंतीण ‘मोकळी’ होते, म्हणजे पुन्हा कामाला लागते. केस गळू लागतात ते त्यानंतर, जेव्हा तिच्याकडे कोणाचेच लक्ष नसते. माहेरचे लोक परतलेले, मालीशवाली बंद झालेली, बाळ रात्री जागवणारे, आणि न्हाणीघरात हातात येणारे केसांचे पुंजके! त्या अवस्थेत ती घाबरून जे मिळेल ते विकत घेते.

वाग्भटाचार्यांनी सूतिकेच्या आहारविहाराचे निर्बंध दीड महिन्याने सैल केले असले, तरी ‘सूतिका’ ही संज्ञा पुन्हा आर्तवदर्शन होईपर्यंत चालू शकते असे मतही नोंदविले आहे. ही दुसरी मर्यादा आपण व्यवहारात विसरलो आहोत. माझी सूचना अशी की, प्रत्येक सूतिकेला तिसऱ्या महिन्यात एकदा बोलवावे. त्या वेळी तीन गोष्टी कराव्यात. केस गळणे अपेक्षित आहे व ते थांबणार आहे, हे समजावावे. रक्त तपासावे. अळीव, खजूर, तीळ, नाचणी, पालेभाज्या यांचा आहार सव्वा महिन्याने थांबू नये, हे तिला व तिच्या सासूबाईंना एकत्र बसवून सांगावे. गळती वर्षापलीकडे गेली, किंवा टाळूवर चकंदळे दिसली, तर मात्र पुढील शोध घ्यावा. स्तनपान करणाऱ्या स्त्रीला केवळ केसांसाठी पोटातून औषधांचा मारा करू नये.

वेळेच्या मापाने चिकित्सा

सुश्रुताचार्यांनी पालित्याच्या हेतूंत क्रोध व शोक यांच्याबरोबर श्रमही सांगितला आहे. तेव्हा जो उपचार स्वतःच श्रम वाढवितो, तो हेतूचे सेवन घडवितो असे म्हणावे लागेल. म्हणून वैद्याने प्रथम विचारावे, “तुमच्याजवळ आठवड्यात किती वेळ आहे?” आणि उत्तर येईल त्या मापाने उपचार बेतावा. बहुसंख्य मातांना जमेल असा एक आराखडा विचारार्थ मांडतो. आठवड्यातून दोन वेळा वीस मिनिटे आणि रोज तीन मिनिटे, याहून अधिक त्यात काही नाही.

तेल : न्हाण्यापूर्वी अर्धा ते एक तास, दोन चमचे तेल. निम्मे टाळूला बोटांच्या अग्रांनी पाच मिनिटे, निम्मे केसांच्या टोकांना. तेल लावल्यावर स्वयंपाक करता येतो, अभ्यास घेता येतो, तेव्हा थांबण्याचा काळ हा गमावलेला काळ नव्हे. रात्रभर तेल ठेवण्याचा आग्रह नको. कफाने ग्रस्त व अजीर्णी यांना अभ्यंग वर्ज्य सांगितला आहे, हे शिरोभ्यंगाच्या बाबतीतही स्मरावे. दारुणकात टाळू तेलकट व खवलेदार असेल, तर तेथे तेल मुरवत ठेवल्याने तक्रार वाढते. कोंड्याशी संबंधित मॅलासेझिया हा सूक्ष्मजीव स्निग्ध द्रव्यांवरच जगतो. तेलाच्या निवडीबाबत एक नोंद घ्यावी. २००३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या तुलनात्मक प्रयोगात खोबरेल, सूर्यफूल व खनिज तेल यांपैकी केवळ खोबरेलाने केसांतील प्रथिनांचा ऱ्हास लक्षणीय कमी केला. हा प्रयोग मुंबईच्या तेल-उद्योगातील संशोधकांचा होता, हे ध्यानात ठेवूनही, कोकण-गोवा-केरळातील अनुभवाशी तो जुळतो असे म्हणता येईल. राठ केसांच्या आईला महागडे तेल परवडत नसेल, तर माक्याच्या रसात सिद्ध केलेले साधे खोबरेलही पुरेसे आहे.

न्हाणे : पाणी कोमट असावे. डोक्यावरून कढत पाणी घेणे केसांना व डोळ्यांना अहितकर, हा वाग्भटांचा उपदेश गिझरच्या आजच्या काळात अधिकच लागू आहे. शिकेकाईचे वस्त्रगाळ चूर्ण दाट कुरळ्या केसांत चिकटून बसते आणि ते काढताना केस तुटतात. त्याऐवजी भरडीचे गाळलेले पाणी द्यावे. तेही न जमल्यास सौम्य शाम्पू वापरण्यास हरकत घेऊ नये. शिकेकाई परिपूर्ण आहे म्हणून ती महिन्यातून एकदा, आणि शाम्पू निषिद्ध म्हणून तो लपूनछपून, अशी स्थिती कोणाच्याच हिताची नाही.

पिच्छिल द्रव्ये : रूक्ष, गुंतणाऱ्या केसांना स्नेहाइतकीच पिच्छिल गुणाची गरज असते. जास्वंदीची दहा-बारा पाने पाण्यात कुस्करून गाळलेला बुळबुळीत द्रव, किंवा दोन चमचे जवस कपभर पाण्यात उकळून गाळलेला द्रव, न्हाल्यानंतर ओल्या केसांना लावून धुवावा. गुंता हाताने सुटतो. जवसाचा द्रव शीतकपाटात तीन-चार दिवस टिकतो.

विंचरणे : कुरळे केस कोरडे विंचरल्याने फुलतात आणि तुटतात. ते ओलसर असताना, मोठ्या दातांच्या कंगव्याने, टोकांपासून सुरुवात करून मुळांकडे जावे. सरळ केसांना उलट नियम लावावा. ते ओले असताना ओढू नयेत. रोजची तीन मिनिटे म्हणजे रात्री झोपण्यापूर्वी एक सैल वेणी. सकाळची निम्मी झुंज तिने टळते.

ज्यांना हेही अवघड आहे, त्यांनी केस कापून आखूड ठेवावेत, असा सल्ला देण्यास वैद्याने कचरू नये. केसांची लांबी हे सौभाग्याचे मोजमाप नव्हे, आणि शास्त्रानेही ते तसे मानलेले नाही.

उपेक्षेची दुसरी टोके

या विषयाला क्षुल्लक मानणाऱ्यांनी ग्रामीण भागातील जटेचा विचार करावा. दीर्घ आजार, बाळंतपण, मनस्ताप किंवा नुसते कष्ट यांमुळे केस कित्येक दिवस विंचरले जात नाहीत. मळ, घाम आणि तेल यांनी गुंता घट्ट होतो, आणि एके दिवशी कोणीतरी त्याला देवीचे बोलावणे ठरवितो. मग कात्री लावायची नाही, तेल-पाणी करायचे नाही. मानेवर ओझे वागवीत, दुर्गंधी, उवा आणि मानदुखी सोशीत ती स्त्री वर्षे काढते. महाराष्ट्र अंधश्रद्धा निर्मूलन समितीच्या कार्यकर्त्यांनी अशा अनेक स्त्रियांचे मन वळवून त्यांची जटामुक्ती केली आहे. गावोगावी वैद्य आहेत, त्यांच्या शब्दाला मान आहे. ‘हा गुंता आहे, देवीचा कोप नव्हे’ हे पहिल्या पंधरवड्यातच सांगणारा वैद्य भेटला, तर तेल आणि कंगवा यांनीच काम भागते. वेळ नसलेल्या स्त्रीच्या केसांकडे कोणीच न पाहिल्याचा हा शेवट आहे.

एक आक्षेप

काही ज्येष्ठ वैद्यबंधू म्हणतील की, अशी काटछाट केली तर दिनचर्येचे शास्त्रीय स्वरूपच उरणार नाही. नित्य शिरोभ्यंगाने शिरःशूल, खालित्य व पालित्य होत नाही आणि झोप चांगली लागते, असे चरकाचार्यांनी स्पष्ट सांगितले असताना आठवड्यातून दोनदा पाच मिनिटे तेल लावून तीच फलश्रुती कशी मिळेल? हा आक्षेप प्रामाणिक आहे आणि त्यातील एक भाग मला मान्य आहे. मात्रा घटली तर फळही घटेल. ते तसेच रुग्णेला सांगावे, आणि ज्या घरात नित्य अभ्यंग शक्य आहे तेथे तोच सांगावा.

परंतु तुलना कोणत्या दोन गोष्टींत आहे ते पाहावे. एका बाजूला पूर्ण विधी आणि दुसऱ्या बाजूला संक्षिप्त विधी, अशी ती नाही. एका बाजूला संक्षिप्त विधी आणि दुसऱ्या बाजूला फडताळातील अर्धी बाटली, अशी आहे. द्रव्याच्या चार गुणांत चरकाचार्यांनी अनेकविध कल्पना होण्याची क्षमता सांगितली, ती एकच कल्पना सर्वांना लागू पडत नाही म्हणूनच. देश, काल, बल, सात्म्य यांचा विचार करून योजना करणे हीच युक्ती. ‘काल’ शब्दात ऋतू व व्याधीची अवस्था आपण धरतो. रुग्णेच्या दिवसातील मोकळा काल त्यात धरण्याने शास्त्राची हानी होते असे मला वाटत नाही.

औषधविक्रेत्या बंधूंना विनंती

या बाबतीत औषधालयांचे स्थान वैद्याइतकेच मोठे आहे, कारण पुष्कळ माता वैद्याकडे न येता थेट तेथेच जातात. त्यांच्यापुढे चार सूचना नम्रपणे ठेवतो.

पहिली, शिकेकाई, आवळकाठी, नागरमोथा, कपूरकाचरी व थोडा रिठा यांची भरड एका न्हाण्यापुरती, साधारण २५ ग्रॅमच्या मलमलच्या पुरचुंडीत बांधून द्यावी. रात्री अर्धा लिटर पाण्यात टाकायची, सकाळी पाच मिनिटे उकळून पिळायची. गाळणे नाही, चोथा नाही. खर्च किरकोळ आहे आणि आईची अर्धा तास मेहनत वाचते. रिठ्याचे पाणी डोळ्यांत जाऊ देऊ नये, एवढी सूचना वर चिकटवावी.

दुसरी, तेलाची लहान बाटली ठेवावी. प्रथमच वापरणाऱ्या स्त्रीला ५० मिलिलिटर पुरेसे आहे. आवडले, मानवले, तर ती स्वतःहून मोठी घेईल.

तिसरी, काळाचा खरा अंदाज सांगावा. केस महिन्याला सुमारे एक सेंटिमीटर वाढतो. दिवसाकाठी ५० ते १०० केस गळणे स्वाभाविक आहे. कोणत्याही उपचाराचा गळतीवरील परिणाम तीन महिन्यांपूर्वी पारखता येत नाही. असे असता ‘पंधरा दिवसांत फरक’ हे वाक्य आपल्या फळीवरील वेष्टनांवर असणे आपल्या शास्त्राला शोभत नाही. औषध नियम, १९४५ मधील शेड्यूल ‘जे’ ही यादी, ज्या तक्रारी बऱ्या करण्याचा दावा औषधाने करू नये त्यांची आहे. तीत टक्कल, केसांचा रंग बदलणे आणि नवे केस उगवणे यांचा समावेश आहे. कायद्याच्या भयाने नव्हे, तर सत्याच्या चाडेने आपण तो आशय पाळावा.

चौथी, एका तक्रारीला एकच वस्तू द्यावी. तेल, चूर्ण, गोळी, लेप व शाम्पू अशी पाच वस्तूंची पिशवी घेऊन गेलेली स्त्री पाचांपैकी एकही नियमाने वापरत नाही. त्या दिवशी गल्ल्यात अधिक पडते, पण गिऱ्हाईक तुटते. थकवा, पाळीची अनियमितता किंवा एकाएकी वाढलेली गळती यांपैकी काही तिने बोलून दाखविले, तर काहीही न विकता तिला वैद्याकडे पाठवावे. तो विश्वास अनेक बाटल्यांहून अधिक मोलाचा ठरतो.

समारोप

केस हा मल आहे, उपधातूही नव्हे; त्यावर एवढा ऊहापोह कशासाठी, असे एखाद्या वाचकास वाटेल. परंतु मल पाहूनच आपण धातूंची अवस्था ओळखतो. दिवसभर सर्वांचे करून स्वतःच्या डोक्यावरून कंगवा फिरविण्यास जिला वेळ मिळत नाही, तिचे रसरक्त, निद्रा व मन कोणत्या अवस्थेत असेल, याची खूण तिचे केस देत असतात. ती खूण वाचणे हे वैद्याचे काम आहे. आणि ती वाचल्यानंतर असा निर्देश द्यावा की, तो पाळताना तिच्या श्रमांत भर पडू नये. शक्य असेल तेथे तो निर्देश तिच्या पतीच्याही कानांवर घालावा. आठवड्यातून दोनदा मुलांचे जेवण त्यांनी वाढले, तर वीस मिनिटे आपोआप निघतात आणि उपस्थात्याचा रिकामा पाद भरून निघतो. चिठ्ठीवर ‘रा’ आणि ‘स’ लिहिण्याबरोबर ही ओळही लिहिण्याची प्रथा आपण पाडावी.

आपापल्या चिकित्सालयांत व औषधालयांत याहून सुटसुटीत कल्पना कोणी वापरीत असतील, तर त्या या अंकातून सर्वांपुढे याव्यात. विशेषतः वैद्य भगिनींनी, ज्या स्वतः हा दिवस रोज जगतात, लेखणी हाती घ्यावी, अशी आग्रहाची विनंती आहे.